वहिनींनी विचारलं होतं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. नागार्जुनसागरच्या पाण्यात लाँच निघाली तेव्हा वहिनींनी वॉकी-टॉकीवरून मला विचारलं होतं, "मामंजी तुमच्याकडं आहेत ना?" मला ते स्वच्छ ऐकू आलं होतं. आणि मी जागचा न हलता "हो, आहेत" म्हणून सांगून टाकलं होतं. नाना आमच्या लाँचवर नव्हते. पुढं सगळ्यांच्या देखत मी म्हणालो, मला काही ऐकूच आलं नाही.

गोष्ट एवढीच आहे. पण एवढ्यावरून एका बाईची घरातली जागा गेली, म्हणून बाकीचंही लिहितो.

नाना म्हणजे माझे वडील. आमचं मूळ गाव निजामाच्या राज्यातलं, नांदेडच्या अलीकडचं. आजोबांच्या मागं जमिनीच्या वाटण्या झाल्या आणि नाना नोकरीला सिकंदराबादला आले ते हैद्राबादचेच झाले. दिलसुखनगरला आमचं घर होतं. दादा, म्हणजे थोरला भाऊ, त्याचं लग्न होऊन वहिनी घरात आल्या तेव्हा मी कॉलेजात होतो. वहिनी भालकीकडच्या. वडील लहानपणीच गेलेले, मामाच्या घरी वाढलेल्या. आमच्याकडं आल्यावर पहिले काही महिने त्या फार बोलायच्या नाहीत. मग नानांना साखरेचं दुखणं निघालं आणि त्यांचं पथ्यपाणी, गोळ्या, चहा, सगळं वहिनींनी कुणी न सांगता स्वतःकडं घेतलं. नाना त्यांना सूनबाई म्हणत नसत, पोरी म्हणत.

रोज सकाळी स्वयंपाकघराच्या दारात त्यांचं ठरलेलं भांडण चालायचं.

"पोरी, एक दाणा टाक की साखरेचा. डॉक्टर काय कपात बघायलालाय का?"

"डॉक्टर नाही, मी बघायलाले."

"मामाच्या घरी हेच शिकवलं का तुला?"

"मामाच्या घरी चहाच नव्हता, मामंजी. इथंच येऊन शिकले."

नाना हसायचे आणि बिनसाखरेचा चहा प्यायचे. आईनं केलेला चहा त्यांना पाणचट लागायचा. आई म्हणायची, "तीस वर्षं प्यायलात तवा नाही लागला!" वहिनींना माहेर असं नव्हतंच; जे होतं ते त्या दारातल्या भांडणात होतं. हे घरात सगळ्यांना कळत होतं. मलाही.

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न पुण्यात झालं. जावई कॉम्प्युटरवाले. त्या दिवसांत बाजार नुकता खुला झाला होता. गल्लीत केबलच्या तारा आल्या होत्या, दुकानात परदेशी चॉकलेटं उघड्यावर मिळायला लागली होती, आणि 'कॉम्प्युटर' म्हटलं की माणसं खुर्ची पुढं करायची. जावईबापू कंपनीच्या कामासाठी सिंगापूरला राहून आले. येताना त्यांनी वॉकी-टॉकीची जोडी आणली. काळे, जाडजूड, वर रबरी शेंडी. आई त्यांना डबे म्हणायची, मग सगळेच म्हणायला लागले.

मी तेव्हा पदवी घेऊन घरी बसलो होतो. म्हणजे क्लास चालू होते, अर्ज चालू होते, पण घरी बसलो होतो हेच खरं.

हिवाळ्यात जावईबापू, बहीण आणि तिचे सासू-सासरे हैद्राबादला आले. व्याही पहिल्यांदाच घरी आलेले, तेव्हा नानांनी मनावर घेतलं. चारमिनार, गोवळकोंडा झाल्यावर म्हणाले, यांना नागार्जुनसागर दाखवू, लाँचमधून बेटावर नेऊ. एक छोटी बस ठरवली. वहिनींनी दशम्या, दह्यातली चटणी, भुरका असं सगळं बांधलं. नानांची वेगळी पिशवी केली, तीत गोळ्या, बिस्किटं आणि कागदाच्या पुडीत साखर. साखर एकदम उतरली तर तोंडात घालायला.

बसमध्ये जावईबापूंनी डब्यांची शिकवणी घेतली. "बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. बोलणं संपलं की 'ओव्हर' म्हणायचं." एक डबा त्यांनी माझ्या हातात दिला. "मेहुणे, तुम्ही सध्या मोकळेच आहात, घ्या ड्यूटी." सगळे हसले. मीही हसलो. दुसरा डबा त्यांनी वहिनींपुढं धरला. "आणि हा हेड ऑफिसला."

वहिनी मागं सरकल्या. "नक्को बाई, मला काय कळतंय त्यातलं."

नाना म्हणाले, "घे की पोरी. तू घरभर ओरडायलालीसच दिवसभर, आता यंत्रातून ओरड."

लाँच बाहेरच्या प्रवाशांनीही भरायची, त्यामुळं जाताना आमची दोन लाँचमध्ये विभागणी झाली. व्याह्यांचा मान पहिला. त्यांच्यासोबत नाना, जावई आणि सरबराईला मी. मागच्या लाँचवर आई, दादा, वहिनी, बहीण. पाणी सुरू झालं आणि थोड्याच वेळात डबा खरखरला.

"भावजी, मामंजींनी टोपी घातली का? ऊन लागतंय. ओव्हर."

"हेड ऑफिस!" जावई ओरडले.

विहीणबाई म्हणाल्या, "अगंबाई, एवढी चौकशी तर मी आमच्या ह्यांचीही करत नाही हो."

"सून आहे ती आमची," नाना म्हणाले. टोपी घातली, आणि माझ्या हातातला डबा घेऊन बटण न दाबताच त्यात म्हणाले, "घातली, घातली!" त्या तोऱ्यात मी त्यांना क्वचितच पाहिलं होतं.

बेटावर म्युझियम पाहून झालं, झाडाखाली जेवणं झाली. वहिनींनी नानांना गोळी दिली. मग परतीची गडबड उडाली. धक्क्यावर माणसांची रेटारेटी; लाँचवरचा माणूस तेलुगूत घाई करत होता. येताना जशी वाटणी होती तशीच जाताना, असं कुणी बोललं नाही, पण सगळ्यांनी धरून चाललं. व्याही, विहीणबाई, जावई पुढं चढले. मी त्यांच्या पिशव्या वर दिल्या आणि लोखंडी शिडीनं थेट वरच्या मजल्यावर गेलो, मागच्या टोकाला.

सिगरेट ओढायला. मी चोरून ओढत असे. नानांसमोर आमच्या घरात कुणी सुपारीसुद्धा खात नव्हतं. सकाळपासून त्यांच्या शेजारी बसून माझा जीव कावला होता. आता ते खाली व्याह्यांजवळ बसले असणार, इंजिनचा धूर आहे, वास लागायचा नाही, असा हिशोब करून मी काडी ओढली. ज्यांच्यापासून मी लपलो होतो ते लाँचवर नव्हतेच. नाना धक्क्यावरून व्याह्यांना म्हणाले होते, "तुम्ही व्हा पुढं, मी जरा जाऊन येतो," आणि म्युझियमच्या मागं गेले होते. व्याह्यांना वाटलं, मागच्या लाँचनं येतील. हे मला नंतर कळलं. खाली उतरून विचारलं असतं तर तेव्हाच कळलं असतं.

आम्ही बरेच पुढं आलो होतो. मागची लाँच धक्क्यावरून सुटताना दिसत होती. डबा बोलला.

"भावजी, मामंजी तुमच्याकडं आहेत ना? मला दिसले नाहीत चढताना. ओव्हर."

सिगरेट अर्धीसुद्धा झाली नव्हती. खाली जायचं म्हणजे ती टाकायची, आणि तोंडाच्या वासासकट नानांपुढं उभं राहायचं. मी बटण दाबलं. "हो, आहेत. काळजी करू नका. ओव्हर."

"नक्की ना?"

"हो म्हणालो ना, वहिनी."

आणि डबा बंद केला. पुन्हा विचारतील म्हणून बंद केला. आजूबाजूला आमचं कुणी नव्हतं.

काठाला उतरून आम्ही बसकडं गेलो. चहाच्या टपरीवर व्याह्यांसाठी मी चहा सांगितला. ते म्हणाले, "नाना येऊ द्यात, बरोबर घेऊ." मला वाटलं, नाना मागं रेंगाळले असतील. तेवढ्यात दुसरी लाँच लागली. सगळ्यांत आधी वहिनी उतरल्या, हातात पिशवी, बिस्किटाचा पुडा आधीच फोडलेला. चालता चालताच म्हणाल्या, "मामंजी कुठायत? खाण्याची वेळ झाली त्यांच्या."

व्याही म्हणाले, "म्हणजे? ते तुमच्यात नाहीत?"

 दादा बसमध्ये चढून उतरला, मुतारीकडं पळाला, परत आला. आईनं लाँचकडं पाहिलं. त्यातून शेवटची माणसं उतरत होती. वहिनी माझ्याकडं वळल्या. आवाजात राग नव्हता, नुसती घाई होती. "भावजी, तुम्ही म्हणालात ना आहेत म्हणून? मी दोनदा विचारलं."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. व्याही, विहीणबाई, जावई. माझ्या शर्टाला सिगरेटचा वास येत होता, आणि मला त्या क्षणी तोच सगळ्यांत मोठा धोका वाटला. खरंच.

"मी? मला काहीच ऐकू आलं नाही. नुसती खरखर येऊलाली होती."

वहिनींनी हातातल्या डब्याकडं पाहिलं.

जावईबापू म्हणाले, "होतं असं. अंतर वाढलं, मध्ये इंजिन असलं की सिग्नल तुटतो." यंत्राचं त्यांना कळत होतं, म्हणून ते बोलले. माझ्या खोट्याला आधार मिळाला.

"अहो पण मला उत्तर आलं," वहिनी म्हणाल्या. "यांचाच आवाज होता." पण लाँच सुटताना त्या एकट्याच कठड्यापाशी होत्या; आई, दादा, बहीण आत बसले होते.

दादा एकदम कडाडला. "त्यानं ऐकलंच नाही तर उत्तर कुठून येईल? डोळ्यांनी बघून निघायला काय झालं होतं तुला? खेळणं काय मिळालं हातात!"

पाहुण्यांसमोर दादा त्यांना असं कधी बोलला नव्हता. वहिनींनी पुन्हा माझ्याकडं पाहिलं. त्या वाट बघत होत्या. मी टपरीवाल्याला सांगायला गेलो की चहा राहू दे.

तिकिटाच्या खिडकीतला माणूस म्हणाला, "लास्ट ट्रिप अयिपोयिंदी सार." शेवटची फेरी झाली. दादानं हात जोडले, मी तेलुगूत गयावया केली. साखरेचं दुखणं आहे, गोळी घेतलीय, खाणं नाही मिळालं तर माणूस जाईल. मग तो उठला, लाँचवाल्यांना हाका मारल्या, डिझेलची शोधाशोध झाली. वहिनी म्हणाल्या, "मी येते." दादा म्हणाला, "तू थांब इथंच." त्यांनी साखरेची पुडी माझ्या मुठीत कोंबली. "भावजी, पाणी नंतर. आधी साखर जिभेखाली. बोलत नसले तर गालाला चोळा." त्या मला रागावल्या नव्हत्या. त्यांना फक्त नाना हवे होते.

जातानाचं ते पाणी मला अजून संपत नाही. सूर्य डोंगराला टेकला होता. दादा पुढच्या टोकाला उभा, कठडा धरून. मी त्याच्या मागं. दोन वाक्यं बोलायची होती. मला वाटत होतं, नाना धडधाकट सापडले तर सांगेन. मग वाटलं, नाही सापडले तर कसं सांगू. म्हणजे कसंही झालं तरी सांगायचं नाही अशी वाट मी शोधत होतो.

नाना धक्क्याच्या पायरीवर होते. बेटावरच्या पहारेकऱ्यानं त्यांना भिंतीला टेकवून बसवलं होतं आणि टोपीनं वारा घालत होता. शर्ट घामानं चिंब, हात थरथरत होते, डोळे उघडे पण ओळख नाही. दादा "नाना, नाना" करत रडायलाच लागला. मी पुडी फोडून साखर त्यांच्या जिभेखाली घातली, गालाला चोळली, पुन्हा घातली. वेळ गेला. लाँचवर घेतलं, बिस्किट पाण्यात भिजवून भरवलं. हळूहळू त्यांच्या डोळ्यांत माणूस आला.

त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ते दादाला म्हणाले, "लाँच सुटायलालती रे. मी पळालो. ती कठड्यापाशीच उभी होती. मी टोपी हलवली, हाका मारल्या. ती पाठ करून त्या डब्यात बोलायलालती."

दादानं त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला.

त्या क्षणी वहिनी डब्यात काय बोलत होत्या आणि कुणाशी, हे जगात दोघांनाच माहीत होतं. त्यातली एक पलीकडच्या काठावर होती आणि तिचं कुणी ऐकणार नव्हतं. दुसरा मी. तिथं आम्ही बाप-लेक तिघेच होतो. लाँचवाल्याला मराठी कळत नव्हतं. याहून सोपी जागा मला पुन्हा मिळाली नाही. मी म्हणालो, "नाना, बोलू नका आता. दम लागेल."

काठाला वहिनी शाल घेऊन पाण्यापर्यंत आल्या होत्या, साडी घोट्यापर्यंत भिजलेली. "मामंजी," म्हणून त्यांनी शाल उघडली. नानांनी त्यांच्यावरून नजर फिरवली आणि आईकडं हात केला. आईनं शाल घेऊन त्यांच्या खांद्यावर टाकली. विहीणबाईंनी दुसरीकडं पाहिल्यासारखं केलं.

नानांना दवाखान्यात ठेवावं लागलं, मग बरे होऊन घरी आले. वहिनींना ते एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते, शिव्या घातल्या असत्या, तर निभावलं असतं. सकाळी वहिनींनी चहा आणून ठेवला, तो निवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवला, पुन्हा निवला. मग आई करायला लागली. त्यात साखर नाही म्हणून नाना कधी तक्रार करत नसत. स्वयंपाकघराच्या दारातलं भांडण संपलं. गोळ्यांची पिशवी आईच्या कपाटात गेली. येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगायची एक गोष्ट तयार झाली, 'सून डब्यात बोलत राहिली आणि सासरा बेटावर', आणि ती सांगताना लोक हसायचे. वहिनी पाणी देऊन आत जायच्या.

मला नोकरी लागली, लग्न झालं. दादानं कुकटपल्लीला फ्लॅट घेतला; ऑफिस जवळ पडतं असं सांगितलं.

नाना शेवटचे अंथरुणाला खिळले तेव्हा वहिनी कुकटपल्लीहून बस बदलत बदलत दिलसुखनगरला यायच्या. नानांच्या खोलीत जायच्या नाहीत. बाहेरच्या खोलीत बसून भाजी निवडायच्या, कपड्यांच्या घड्या घालायच्या, आईला विचारायच्या, "काही घेतलं का त्यांनी?" एका दुपारी आई झोपली होती. बाहेरच्या खोलीत त्या आणि मीच. मेथी निवडता निवडता, मान वर न करता म्हणाल्या,

"भावजी, एक विचारू? रागवू नका."

"विचारा की."

"त्या दिवशी तुम्हाला खरंच ऐकू आलं नव्हतं?"

आत नाना होते. शुद्धीवर होते, ऐकू येत होतं, माणूस ओळखत होते. दार ढकलून आत जायचं होतं आणि एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हणालो, "नाही, वहिनी."

त्यांनी मान हलवली. "मग मलाच भास झाला असंल. मला तर तुमचा आवाज अजून येतो कानात." मेथीची काडी बाजूला टाकून म्हणाल्या, "काळजीत माणसाला जे पायजे ते ऐकू येतं म्हणतात."

पहिल्या वेळी मी घाबरून खोटं बोललो. या वेळी घाबरण्यासारखं काही नव्हतं. सिगरेट सुटली होती, मिशा पिकायला लागल्या होत्या. तरी बोललो. पहिल्या खोट्यानं त्यांची घरातली जागा घेतली. या दुसऱ्यानं त्यांचा स्वतःच्या कानांवरचा भरवसा घेतला.

नाना त्याच आठवड्यात गेले. गंगेचं पाणी तोंडात घालायला आईनं सगळ्यांना बोलावलं. वहिनी उंबऱ्यापाशी थांबल्या. आई म्हणाली, "ये गं." त्यांनी पळीभर पाणी घातलं. नानांनी गिळलं की ओघळलं, मला दिसलं नाही.

तेव्हापासून वहिनी प्रत्येक गोष्ट दोनदा विचारतात. फोनवर "येतो" म्हटलं की म्हणतात, "येतो म्हणालात ना? परत एकदा सांगा." गॅस बंद केलाय का बघायला जिन्यावरून परत वर जातात. त्यांची मुलं त्यांना चिडवतात. मागं पुतणीचा साखरपुडा झाला, तेव्हा वहिनींनी केटररला पुऱ्यांचं तिसऱ्यांदा विचारलं. त्यांचा मुलगा केटररला म्हणाला, "मम्मीच्या कानांना गॅरंटी नाही अंकल, लिहून द्या." दादा म्हणाला, "आजची नाही ती खोड. आमच्या वडिलांना बेटावर ठेवून आलेली बाई आहे ही." सगळे हसले. वहिनीही हसल्या. "हौ बाबा, माझंच चुकतं," म्हणाल्या.

मीही हसलो. वहिनी माझ्या शेजारीच उभ्या होत्या आणि मी हसलो.

वहिनींना त्या दिवशी जे ऐकू आलं ते बरोबर होतं. त्यांनी दोनदा विचारलं होतं आणि मी दोनदा हो म्हणालो होतो. नानांना हे सांगायचं राहिलं. आता ते होणे नाही. पण वहिनी आहेत, दादा आहे, त्यांची हसणारी मुलं आहेत. त्यांच्या सगळ्यांच्या देखत, कुकटपल्लीच्या त्या घरात बसून, हे मी माझ्या तोंडानं वहिनींना सांगायला हवं. इथं लिहिलं म्हणून ते सांगितलं असं होत नाही. तेवढं मी अजून त्यांचं देणं लागतो.